चौऱ्याऐंशी

चाळीस दिवस आकडा हलला नाही.
इन्हेलरच्या पाठीवरच्या इवल्या खिडकीत
चौऱ्याऐंशी.
दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात
मी तो पिठाच्या डब्यामागे सारला.
खोर्लो, माझी नणंद, म्हणाली होती,
पोटातल्याला आत्तापासून औषध कशाला पाजतेस?
आणि मी,
शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी मी,
मान डोलावली.

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीच्या उतारावर
आमचं नमद्याचं गोल घर.
हिवाळ्यात पाच वाजले
की सगळ्या उतारावरच्या चुली एकदम पेटतात
आणि खालचं शहर
एकेक दिवा गिळत धुरात बसतं.
चुलीत जळतो तो कोळसा
माझाच नवरा ट्रकमधून वाहून आणतो.
कुणाला बोल लावायचा?

डोहाळे म्हणाल, तर मला हवेचे लागले.
आंबट नको, सुकवलेलं दही नको,
फक्त एक श्वास, तळापर्यंत.
रात्री खांबाला पाठ लावून बसून राहायचे.
तोमोरोचिरला सांगायचे, पोट वाढतंय ना, म्हणून.
पोट अजून मुठीएवढंही नव्हतं.

तो माणूस इंजिनाचा आवाज ऐकून
कुठला पट्टा झिजलाय ते सांगतो.
माझ्या छातीतली शीळ
त्याला ऐकू आली नसेल?

त्या रात्री उणे एकतीस.
निळ्या पंपाचे सहा झोत घेतले,
तरी श्वास
दारातच अडून राहिला पाहुण्यासारखा.
मला वाक्य पुरं करता येईना.
मग शब्दही.
पण ट्रक एका चावीत सुरू झाला.
नंतर कळलं:
तीन रात्री तो दर दोन तासांनी उठून
इंजिन तापवत होता.
डब्यामागचा आकडा त्यानं वाचला होता,
आणि पुन्हा वाचला होता,
आणि माझ्याशी कसं बोलावं
हे त्याला सुचलं नव्हतं.

दवाखान्यात यांज्मा सुईण रागावली नाही.
ऑक्सिजनची नळी नीट केली,
माझ्या बोटाला चिमटा लावला,
त्यावरचा आकडा वर चढेपर्यंत गप्प बसली.
मग म्हणाली,
दोन जिवांची आहेस, पण श्वास एकाचाच आहे.
त्याला आत ना नाक, ना खिडकी.
तू जे घेतेस त्यातलं औषध
छातीतच थांबतं, त्याच्यापर्यंत जेमतेम पोचतं.
तुझी घुसमट मात्र पोचते. पुरी पोचते.
भिऊन सोडलंस, हे समजतं मला.
पण पुढच्या वेळी भीती वाटली
तर डब्यामागे ठेवू नकोस,
माझ्याकडे घेऊन ये.
नवं काही घ्यायचं, जुनं काही सोडायचं,
आधी विचार.

आणि माझ्या हातात फुंकायची नळी दिली.
रोज सकाळी जोरात फुंकायचं,
काटा कुठवर जातो ते वहीत लिहायचं.
हिरव्या रेघेवर असेल, तर नेहमीचं.
पिवळ्यावर, तर फोन.
लाल, तर कपडेही बदलत बसू नकोस.

आता आकडा उतरतो.
सकाळी दोन, संध्याकाळी दोन,
प्लॅस्टिकच्या भोपळ्यासारख्या डब्यातून, सावकाश,
दहापर्यंत मोजत श्वास धरून.
कधीकधी सातवर असतानाच
आतून लाथ बसते
आणि मोजणं चुकतं.
आकडा विसाखाली आला
की तोमोरोचिर न सांगता औषधाच्या दुकानाकडे वळतो,
कोळशाने भरलेला ट्रक घेऊनच.

धूर आहे तसाच आहे.
खोर्लो अजून तोंड वाकडं करते,
म्हणते, आमची आई सात वेळा बाळंत झाली, पंपाशिवाय.
त्या सातांतले किती जगले,
हे ती सांगत नाही, मीही विचारत नाही.
पण औषध घेऊन झालं
की चूळ भरायला कोमट पाण्याचा वाडगा
तीच आणून पुढ्यात ठेवते,
दुसरीकडे बघत.